बोटुकल्यांबरोबर नांदेड ते अहमदपूर

माशांच्या कामाला मराठवाड्यात चालले आहे, असं सांगितल्यावर आमच्या श्रीवर्धनच्या शेजारीणबाई हसल्या होत्या. "तिकडे प्यायला पाणी नाही, मासे कसले?" म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी तिकडे पावसानं तोंड फिरवलं होतं आणि वर्तमानपत्रात टँकरभोवती जमलेल्या घागरींचे फोटो येत होते. पण शांतानं बोलावलं होतं. गौरी-गणपती आटोपले होते, शाळेतली रजा शिल्लक होती. मी निघाले.

नांदेड

शांता आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहिलो. पुढे मी शिक्षिका झाले, ती अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिला आपल्याच तालुक्यात, अहमदपूरला, बदली मिळाली. नव्या जिल्ह्याचं तिला फार कौतुक. "आधी प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "पण माशाचं बी लातुरात अजून मिळत न्हाई. ते नांदेडहूनच न्यावं लागतं. म्हणून तर तुला इथं उतरवलं."

स्टेशनवरून आम्ही थेट गुरुद्वाऱ्याच्या लंगरात गेलो. डाळ, रोटी, खीर. शेजारी एक शेतमजूर कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईनं डाळ तीनदा मागून घेतली आणि तिन्ही वेळा धाकट्या लेकराच्या ताटात ओतली. शांता तिच्याकडे बघत होती.

"माझं काम काय ते सांगू? लेकरांची वजनं करायची," ती म्हणाली. "दर महिन्याला काट्यावर बसवते. गेल्या वर्षापासून काटा हलतच न्हाई. भाकरी हाय, मिरची हाय, डाळ न्हाई. भाजी उगवत न्हाई. मी आयांना काय सांगू, दूध द्या, अंडी द्या? त्या हसतेत माझ्यावर."

तिच्या गावाला एक पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेला. तिची आई त्या बांधावर मातीच्या पाट्या टाकायची आणि कामावर वाटलेला सुकडीचा खाऊ घेऊन घरी यायची. मोठ्या पावसाची वाट बघता बघता या साली एका रात्रीत एक ढग त्या माळावर फुटला आणि तलावात निम्म्याहून कमी, पण पाणी आलं. त्या पाण्यात मासे सोडायचे, हे शांताच्या डोक्यातलं खूळ. तिनं दहा-बारा बायकांचा गट केला होता. काही तिच्या बौद्ध वस्तीतल्या, काही भोयांच्या घरच्या. भोयांकडे जाळी होती, पण तलाव कोरडा पडल्यापासून ती आढ्याला टांगून ठेवलेली.

अर्धापूरच्या रस्त्यानं

दुसऱ्या दिवशी खाजामियाँ आपला टेम्पो घेऊन आले. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. टेम्पोत दोन मोठी लोखंडी पिंपं आणि भिजवलेल्या गोणपाटांचा ढीग होता.

नांदेड सोडून अर्धापूरकडे वळलं की दुष्काळ कुठे गेला असं वाटतं. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं किंवा कालवा जवळ होता, त्यांच्या केळी हिरव्यागार उभ्या होत्या. मधेच एखादी बाग करपलेली, पानं फाटून लोंबणारी. आमच्याकडे केळ परसात एकटीदुकटी असते, नैवेद्याच्या पानापुरती. इथे ती मैलभर रांगेत उभी असते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्यानं आम्हाला एक फणी दिली आणि शांतानं जुनी पानं मागून घेतली. "सावलीला लागतील," म्हणाली.

बीज केंद्र म्हणजे सिमेंटचे चौकोनी हौद आणि मागे एक पत्र्याची खोली. हौदात बोटाएवढी पिल्लं झुंडीनं फिरत होती. त्यांना बोटुकली म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. कटला, रोहू आणि मृगळ, अशा तीन जाती. कटला वरच्या पाण्यातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. एकाच तलावात तिघं राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. विकतचं खाद्य लागत नाही. शेण टाकलं की पाण्यात त्यांचं अन्न तयार होतं. आमच्याकडे समुद्र देतो तेवढं घ्यायचं. तलावात आधी सोडायचं आणि मग वाट बघायची, ही शेतीच झाली.

पिल्लं आदल्या दिवसापासून उपाशी ठेवली होती. भरल्या पोटी नेली तर वाटेत पाणी घाण करतात आणि मरतात.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, पण ऐन वेळी केंद्रातल्या माणसानं सांगितलं, "ऑक्सिजनचं सिलिंडर संपलंय. पिशव्या भरता येत नाहीत. आठ दिवसांनी या."

पिल्लं नेण्याची बरी रीत अशी, की प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, आणि तोंड घट्ट बांधायचं. मग दिवसभर चिंता नाही. ऑक्सिजन नाही तर उघड्या पिंपात न्यायची आणि हातानं पाणी हलवत राहायचं.

"आठ दिवसांनी पिल्लं राहतील?" शांतानं विचारलं.

"दुसरी गिऱ्हाइकं आहेत, ताई. शब्द देत नाही."

शांता हौदाच्या काठावर बसली. तलावातलं पाणी रोज खाली चाललं होतं. पिल्लांना वाढायला जितके दिवस मिळतील तितके थोडेच होते. तिनं खाजामियाँकडे पाहिलं.

"ले चलो," ते म्हणाले. "मैं आहिस्ता चलाता. खड्डे में भी झूले के जैसा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला.

पिंपांत पिल्लं भरली, तोंडावर गोणपाट आणि केळीची पानं टाकली. एका पिंपाशी शांता, एकाशी मी. तांब्यानं पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. नांदेड येईपर्यंत मला ते खेळासारखं वाटलं. लोह्याच्या आसपास खांदा भरून आला. पुढे उजवा हात मी डाव्या हातानं उचलत होते.

माळाकोळीच्या अलीकडे

माळरान सुरू झालं. जमीन तांबूस-काळी, भेगाळलेली, ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी येऊन थांबलेली. अशा ठिकाणी टेम्पोतून काहीतरी फटकन तुटल्याचा आवाज आला. खाजामियाँनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"फॅनबेल्ट गया. लोहे जाके लाना पडता."

ते एका ट्रकला हात करून मागे गेले. ऊन डोक्यावर होतं. थोड्या वेळात पिंपाचा पत्रा तापला. पानं सारून पाहिलं तर पिल्लं पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडत-मिटत होती. दोन-चार पांढऱ्या पोटानं उलटली होती. आम्ही दोघी वेड्यासारखं पाणी उपसून सोडत होतो, पण पाणीच कोमट झालं होतं.

"नवं पाणी पाहिजे," शांता म्हणाली. "निम्मं तरी बदलावं लागतंय."

समोरच्या वस्तीवर एक विहीर दिसत होती. विहिरीभोवती बायका आपल्या घागरी ठेवून बसल्या होत्या. शांता गेली, मागून मी.

एक म्हातारी कठड्याला टेकून बसली होती. सगळ्या तिला गयाबाई म्हणत होत्या. पाण्याचा क्रम तीच लावत असावी.

"कशाला पायजे पाणी?" तिनं विचारलं.

"माशाची पिल्लं हायेत, मावशी. टेम्पो बिघडला. मरून राहिलीत."

"माणसं मरून राहिलीत इथं," एक तरुण बाई पटकन म्हणाली. "सकाळधरनं बसलो, दोन घागरी न्हाई मिळाल्या. अन् तुमच्या माशाला पाणी?"

मी आमच्या गावात कधी पाण्यासाठी असं बोलणं ऐकलं नाही. मला वाटलं, आपण परत फिरावं. त्या बाईचं खरं होतं. शांता मात्र जागची हलली नाही.

"फुकट न्हाई मागत," ती म्हणाली. "आमच्या पिपात पाणी हाय. ते तुम्ही घ्या, तेवढंच तुमचं आम्हाला द्या."

"माशाचं पाणी आम्ही प्यावं?"

"तुम्ही न्हाई. तुमच्या म्हशी. त्यांना तरी इथलंच उपसून पाजता ना?"

गयाबाई उठली. काठी टेकत रस्त्यापर्यंत आली, पिंपात हात घातला, ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. एक पिल्लू तिच्या ओंजळीत आलं होतं, ते तिनं हळूच परत सोडलं.

"वास न्हाई लई," ती म्हणाली. मग मागे वळून बायकांना, "म्हशीला पाजायचंच हाय न्हवं? पाण्यानं पाणी. घागरीला घागर. अन् आधी त्यांचं वतायचं, मग आपलं द्यायचं."

अशी देवाणघेवाण सुरू झाली. आम्ही फडक्यातून गाळून पिंपातलं पाणी म्हशींच्या दगडी दोणीत ओतायचो, त्या एक घागर आम्हाला द्यायच्या. म्हशींनी आधी फुरफुर केली, मग दोण चाटून साफ केली. विहिरीचं पाणी गार होतं, म्हणून शांता ते थोडं थोडं, थांबून थांबून पिंपात घालत होती. एकदम घातलं तर पिल्लांना सोसत नाही.

"थेंब थेंब काय घालून राहिलीस, आजाऱ्याला औषीद दिल्यावानी?" गयाबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. पहिल्यांदा भांडलेली ती तरुण बाईसुद्धा हसली. मग तिनंच माझ्या हातातला तांब्या घेतला. "सरा तिकडं. तुमचे हात गळून गेलेत."

पिल्लं खाली गेली. पाण्याच्या वर एकही तोंड दिसेना.

खाजामियाँ पट्टा घेऊन आले तेव्हा आम्ही वस्तीतल्या लिंबाखाली भाकरी आणि कारळाची चटणी खात होतो. निघताना गयाबाई म्हणाली, "आमच्या इहिरीत चार सोड. इहिरीत मासा असला की पाण्यातले किडे खातो म्हणतेत." शांतानं ओंजळभर कटले निवडून दिले. त्या तरुण बाईनं ते बादलीतून स्वतः खाली सोडले.

तलाव

शांताच्या गावाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वेशीवरच्या दगडी पाटीवर 'जि. उस्मानाबाद' खरवडून वर 'लातूर' रंगवलं होतं, पण खालचं 'उ' अजून दिसत होतं. गटातल्या बायका बांधावर वाट बघत होत्या.

बांधावर आणखी एक माणूस बसला होता. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ. गोविंदराव पाटील. तलावाला लागून त्यांची जमीन. मागच्या उन्हाळ्यात पाणी आटू लागलं तेव्हा तलावावरचं आपलं उपशाचं इंजिन सगळ्यात आधी त्यांनी स्वतः काढून नेलं होतं, म्हणून इतरांनाही न्यावं लागलं होतं. त्यांचा ऊस त्यात वाळला होता.

"शांताबाई," ते म्हणाले, "म्या इंजन बंद केलं ते जनावरासाठी. मासळीसाठी न्हाई."

"मला माहीत हाय, पाटील."

"उन्हाळ्यात पाणी आटलं की मासे मरतेत. सडतेत. त्या पाण्याला जनावर तोंड लावायचं न्हाई. मग काय करता?"

ते रागावून बोलत नव्हते. विचारत होते. शांता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पाणी कमरेच्या खाली आलं की आम्ही सगळे मासे काढू. लहान असू द्या, मोठे असू द्या. तळाच्या पाण्याला हात लावणार न्हाई. ते जनावराचं."

"शब्द?"

"शब्द."

ते उठून घराकडे गेले. त्यांची सून मंगल घागर घेऊन आली होती, ती थांबली. देगलूरकडची पोर, बोलण्यात एखादा तेलुगू शब्द यायचा. पोट दिसत होतं. शांतानं सवयीनं विचारलं, "काय खाल्लंस आज?"

"भाकर अन् मिरची."

"काल?"

मंगल हसली. "तेच की."

पिंपात तलावाचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मग पिंपं काठाशी आडवी केली. पिल्लं एकदम पळाली नाहीत. आधी तोंडाशी घोटाळली, मग एकेक करून बाहेर पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, काही नाही. आपापल्या घरी स्वयंपाकाला गेल्या. माझे हात दोन दिवस वर होत नव्हते. वेणीसुद्धा शांतानं घातली.

पुन्हा, मे महिन्यात

शाळेला सुट्टी लागताच मी परत गेले. पाणी कमरेच्या खाली आलं होतं, आणि गटात भांडण चाललं होतं.

मासे हातभर झाले नव्हते, पण बरे झाले होते. अहमदपूरच्या बाजारात आणखी महिन्याभरानं नेले तर वजन चांगलं भरलं असतं. भोयांच्या घरची कौशल्याबाई म्हणाली, "शांताताई, मासा आत्ताच तर अंग धरून राहिलाय. आता काढायचा म्हंजी दाणे भरायच्या आत ज्वारी कापायची."

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिला. आम्ही न्हाई."

"मग जा अन् पाटलाला सांग, इंजन परत लाव म्हणून."

शेवटी कौशल्याबाईच उठली आणि घरून जाळं घेऊन आली. बारीक भोकांचं, म्हणजे लहान मासाही निसटून तळाच्या खड्ड्यात राहणार नाही.

सकाळी बायका पाण्यात उतरल्या. आमच्याकडे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढताना पुरुष हाकारे देतात. इथे बायकाच होत्या, आणि त्या एकमेकींना शिव्या देत, हसत ओढत होत्या. जाळं काठाला आलं तेव्हा चांदीसारखं काहीतरी उसळलं आणि अख्खा गाव पुढे सरकला.

बाजाराचा माल आधी बाजूला काढला नाही. आधी वाटे घातले, जितक्या चुली तितके. खाणारा, न खाणारा, सगळ्यांचा वाटा. ज्याला नको त्यानं हव्या त्याला द्यावा, असं गटाचं ठरलं होतं. कोळणी बाजारात वाटे लावतात ते मी जन्मभर पाहिलं. पण विकायला नसलेले वाटे पहिल्यांदा पाहिले.

दुपारी शांताच्या घरी रोहूचं कालवण झालं. नारळ नाही, कोकम नाही. शेंगदाण्याचा कूट, चिंच, काळा मसाला, आणि घाम फुटेल इतकं तिखट. समुद्राची चव मला आठवली, खोटं कशाला सांगू. गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा थोडा वास असतो आणि काटे बारीक, दुहेरी. पण ज्वारीच्या भाकरीबरोबर ते कालवण मी दोनदा घेतलं. वस्तीतली लेकरं बोटं चाटत होती. शांता जेवायची सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

बांधावर एक वाटा शिल्लक राहिला होता. गोविंदराव सकाळीच सांगून गेले होते, "आमचा काढू नका." शांतानं तरी ओल्या फडक्याखाली ठेवला होता. शांता, कौशल्याबाई आणि मी तो आवरायला गेलो, तेव्हा मंगल येताना दिसली. कडेवर थंडीत झालेलं लेकरू. शांतानं त्याला जन्मापासून तोललं होतं आणि त्याचा काटाही हलत नव्हता. आईचं दूध पुरत नव्हतं.

मंगलनं हात पुढे केला. "आमचा द्या."

मला आधी काही वाटलं नाही, मग कौशल्याबाईचा चेहरा पाहून कळलं. पाटलांच्या घरातल्या कुणी शांताच्या वस्तीतल्या हातून आजवर खायची वस्तू घेतली नव्हती. शांतानं फडकं उचललं आणि मासे तिच्या हातावर ठेवले.

मागे गोविंदराव उभे होते. गुरं पाण्यावर आणली होती त्यांनी. तळाचं पाणी स्वच्छ होतं, गुरं पीत होती.

"घरात न्हाई शिजायचं," ते म्हणाले.

"न्हाई, मामा."

"अन् भांडं?"

"भांडं मी देते," शांता म्हणाली.

ते सुनेकडे बघत राहिले, मग लेकराकडे. त्याचे पाय कडेवरून लोंबत होते, काटकीसारखे. त्यांनी ते लेकरू तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"मागल्या लिंबाखाली मांड चूल."

शांतानं आपलं जर्मनचं पातेलं, मसाला आणि चिंच नेली. तीन दगड मांडले. मंगल माहेरी मासे करायची, तिला फार सांगावं लागलं नाही. गोविंदराव लिंबापासून लांब, चुलीकडे पाठ करून बसले होते. मांडीवर नातू. वारा त्यांच्याकडेच होता. त्यांनी उपरणं नाकाला लावलं, पण जागा बदलली नाही.

मंगल जेवायला बसली. पहिला घास तिनं तोंडाशी नेला तेव्हा गोविंदराव न वळता शांताला म्हणाले,

"काटं बघून खा म्हणावं तिला."